शांताक्कानं कप रिकामा केला

मंगळवार, सांजचं

आधी आत आली ती शांताक्काच, माझी थोरली जाऊ, आन् मागनं तिची सून. तासगावासनं एसटीनं आष्ट्याला, चार वर्सांनी! माझ्या नातीच्या बारशाला हिनंच चहाचा कप तसाच ठिवलेला, वर साय धरूस्तवर. गल्लीतल्या साऱ्या बायकांत म्हणाली, "हिच्या घरात किडं पाळत्यात, हितलं पाणी कोण पिणार?" मग एकीनंबी कप उचलला न्हाई.

किडं न्हवं, कोळंबीची बारकी पिल्लं ती. लेकाच्या खाऱ्या पाण्यातल्या माशांस्नी खायला मीच काढते. उलट्या बाटलीत मिठाचं पाणी, हवेची नळी आन् चिमूटभर अंडी. दुसऱ्या दिवशी केशरी धूळ पवायला लागती.

आता हिच्या लेकानं तसलंच मासं आणल्यात, आन् ते कोरडं खाणं तोंडात धरंनात. दोन मेलं. सून रडकुंडीला आलेली. शांताक्का खाली बघून म्हणाली, "तुझी ती कोळंबी दे की गं थोडी."

"देते की. आधी चहा घ्या, आक्का. ह्याच घरच्या पाण्याचा हाय."

तिनं कप खाली ठिवला तवा तळाची साखर दिसत हुती. लय गार वाटलं जिवाला. मी वाईट हाय का? असू दे.

बरणी भरून पिल्लं दिली. अंडी दिली न्हाईत, कशी काढायची तेबी सांगितलं न्हाई. पिल्लं दोन दिसावर टिकत न्हाईत.

बारशाच्या त्या साऱ्या बायकांस्नी मी परवा चहाला बोलावलंय. शांताक्काबी पिल्लं न्यायला परवाच येणार हाय, गुरुवारी.