पहिल्या गुरुवारचा कोट

दमनहूर, ४ डिसेंबर १९८८

ती. रिफअतदादा यांस,
धाकट्या इब्तिसामचा सलाम. वि. वि.

आपले पैसे ठेवलेल्या कंपनीला टाळं लागल्याचं तुला कुवेतला कळलंच असेल. बाबा मात्र खचलेले नाहीत. गेला गुरुवार महिन्यातला पहिला, म्हणजे नफा मिळायचा दिवस. नेहमीसारखा करडा कोट चढवून ते कैरोच्या गाडीत बसले. कंपनीच्या फाटकावरचा पहारेकरी त्यांना म्हणाला, हाजी, हिशेब चाललेत, दोन महिने धीर धरा. हे बाबांनी घरी येऊन हसत हसत सांगितलं.

खालच्या मजल्यावरची उम्म हानी मात्र जिन्यात सगळ्यांसमोर विचारते, तुमच्या कंपनीवाल्या शेखची दाढी तरी खरी होती का गं? मीही हसले.

दादा, एक विचारते. बँकेचं व्याज हराम, तुझी पुंजी तिथून काढून कंपनीत ठेवू या, हे मीच म्हणाले होते ना? की बाबा आधी म्हणाले? तुला आठवतं तसंच लिही. माझं मन राखायला लिहू नकोस.

कळावे. माया आहे तेवढी राहू दे.
तुझी इब्तिसाम


कुवेत, ९ जानेवारी १९८९

चि. इब्तिसामला अनेक दुवा. वि. वि.

तूच म्हणाली होतीस. माझ्या सुट्टीत, ईदच्या तिसऱ्या दिवशी, मसूर निवडता निवडता. व्याजाचा घास तुझ्या घशाखाली उतरत नव्हता. आता उतरतो का बघ.

नऊ वर्षं मी लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या. लोकांच्या कपाळावर नमाजाचा घट्टा असतो, माझ्या गुडघ्यांवर फरशांचे आहेत. यंदा परत येऊन दमनहूरला दुकान घालणार होतो. आता पुन्हा पहिल्या फरशीपासून. पण तुझं मन स्वच्छ राहिलं ना, मग झालं तर.

बाबांवर लक्ष ठेव. या वयात असा धक्का डोक्यात जातो. इथे आमच्या खोलीतला एक जण पैसे बुडाल्यापासून भिंतीशी बोलतो.

बाकी काय लिहू. बाबांना सलाम.
रिफअत


दमनहूर, ६ मार्च १९८९

ती. दादास सलाम. वि. वि.

तू खरं लिहिलंस याबद्दल उपकार. पत्र उशाशी ठेवलं आहे.

माझी काळजी नको. चहात साखर घेणं सोडलं, सवय झाली. शाळेतून घरी निघताना बाही झटकते, सरकारी खडूची भुकटी चिकटून आली तर ती आपली थोडीच आहे? कधी कधी अर्ध्या वाटेवरून परत जाऊन पुन्हा झटकते. पगाराच्या नोटा साबणाच्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत घातल्या, तर उम्म हानी खालून ओरडली, अगं, चिमटे लाव, नाहीतर याही उडून कंपनीत जातील!

काळजी आहे ती बाबांची. जेवता जेवता थांबतात आणि माझ्याकडे बघत बसतात. या गुरुवारी तर जायचाच कंटाळा करत होते. मी कोटाला इस्त्री करून तो त्यांच्या अंगात चढवला, स्टेशनापर्यंत सोडून आले. बरं झालं गेले. पहारेकऱ्याने सांगितलं की पैसे परत द्यायची यादी तयार झाली आहे आणि आपलं नाव चारशेच्या आत आहे. त्याच्या मुलीला मुलगा झाला. बाबा त्याच्यासाठी साखरबदाम घेऊन गेले होते.

दुकानासाठी जागा बघून ठेवू का? लिही. चार ओळी का होईना.
तुझी इब्तिसाम


एताय अल-बारूद, २० मे १९८९

चि. रिफअतला बापाचे आशीर्वाद. वि. वि.

पत्ता बघून चकित होऊ नकोस. मी कैरोला जात नाही. दमनहूरहून सुटलो की इथे पहिल्याच मोठ्या स्टेशनावर उतरतो, कॉफीच्या दुकानात बसून वर्तमानपत्र वाचतो आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जातो. पहारेकरी, यादी, बाळंतीण मुलगी, सगळं मी इथे बसून रचतो. तीस वर्षं टपालकचेरीत काढली. "चौकशी चालू आहे" म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. पैसे गेले हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

जातो तो तिच्यासाठी. नाही गेलो तर ती दारात उभी राहून थरथरते. आज गुरुवार नाही, पण हे पत्र घरी लिहिता येईना. तिचे हात धुऊन धुऊन कोपरापर्यंत सोलले आहेत. शाळेने सक्तीची रजा दिली. शेजारी दातदुखीचं सांगून तिला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हाजी, ही धर्मनिष्ठा नाही, आजार आहे, आणि औषधाने बरा होतो. गोळ्या आणल्या, तर ती त्या दुकानात परत करून आली. म्हणाली, हे पैसे दादाचे.

व्याजाबद्दल ती बोलली, खरं आहे. पण सही माझी होती. आणि बँकेच्या दुप्पट नफा ऐकून लाळ कोणाची गळली होती? तुझी आणि माझी. तिने तर त्या नफ्यातून स्वतःला एक रुमालही घेतला नाही.

पैसे पाठवू नकोस. राग नाही, एवढं तिला लिही. मी हे लिहिलं असं तिला कळू देऊ नकोस.
तुझा बाप


कुवेत, १० जून १९८९

चि. इब्तिसामला अनेक अनेक दुवा. वि. वि.

अल्लाची शपथ घेऊन लिहितो, माझ्या मनात तुझ्याबद्दल राग नाही. नफ्याला भुललो मी. तुला दोष दिला, कारण घरात तो मुकाट्याने उचलणारी तू एकटीच होतीस. दुकान दोन वर्षांनी होईल, जागा कुठे पळून जात नाही. तू खा, झोप, चहात साखर घाल. आणि माझ्या पैशांचा विचार न करता त्या गोळ्या घे, वेडे.

येताना तुला निळा रेशमी रुमाल आणतो. नाही म्हणायचं नाही.
तुझा दादा


दमनहूर, ४ जुलै १९८९

ती. दादास सलाम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सात वेळा वाचलं. फार चांगलं लिहिलं आहेस.

पण गोळ्यांबद्दल मी तुला कधी कळवलं नव्हतं. तेव्हा बाबांनी लिहायला लावलं हे समजलं. त्यांना काही बोलले नाही.

जानेवारीतलं पत्र तू आपणहून लिहिलं होतंस, आताचं शपथ घेऊन लिहिलंस. दोन्ही खरी कशी असतील? खोट्या शपथेचं ओझं तुझ्यावर राहायला नको. त्यासाठी दहा गरिबांना जेवू घालायचं असतं, परवडत नसेल तर तीन रोजे. दहा जणांचं आपल्याला जमणार नाही. आणि तिकडच्या उन्हात फरशा बसवताना तुला उपाशी राहणं झेपणार नाही, म्हणून तुझे तीन मीच धरते आहे. आज दुसरा. असं दुसऱ्यासाठी धरलेलं चालतं का, हे मशिदीत विचारायला बाबांना पाठवलं आहे.

परवा पहिला गुरुवार. कोटाला इस्त्री करून ठेवली आहे.

रुमाल आणू नकोस. माया जेवढी खरी असेल, तेवढीच ठेव.
इब्तिसाम