वळण क्रमांक सात पूर्ववत करण्याबाबत

प्रति,
मा. नगररचना अधिकारी,
विकास योजना कक्ष, दुसरा मजला.

अर्जदार : सुदेश रामकृष्ण खातू, वय ६८, निवृत्त ड्राफ्ट्समन, रा. डोंबिवली (पूर्व).

विषय : ठाकुर्ली येथील प्रस्तावित १८ मीटर रुंद वर्तुळाकार रस्ता हा रस्ता नसल्याबाबत.

संदर्भ : १) माझी गटाराबाबतची हरकत, दि. ११ मार्च २०२५.
२) त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूस आपल्या कक्षाने दिलेली मान्यता.
३) श्रीमती थेल्मा डेनिस तुस्कानो यांना आलेली नोटीस, दि. २२ सप्टेंबर २०२५.
४) मूळ नकाशा दाखल करण्याबाबत मला आलेले पत्र, दि. ६ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

१. मी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात एकतीस वर्षे ड्राफ्ट्समन होतो. कै. डेनिस तुस्कानो हे त्याच कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. सन १९९१ पासून आम्ही दोघे जेवणाच्या सुट्टीत, आणि निवृत्तीनंतर एकमेकांच्या घरी, मोटारींच्या शर्यतीची काल्पनिक सर्किट आखत असू. काल्पनिक म्हणजे ज्यावर कोणीही कधीही गाडी चालविणार नाही आणि हे आखणाऱ्यालाही ठाऊक असते. कोणी तिकिटे जमवितो, कोणी गच्चीवर वांगी लावतो, त्यातलाच हा प्रकार आहे. मला मोटार चालविता येत नाही. डेनिस यांच्याकडे स्कूटर होती.

२. सर्किट काल्पनिक असले तरी जागा खरी पाहिजे, ही डेनिस यांची अट होती. त्यामुळे आम्ही खऱ्या नकाशाच्या झेरॉक्सवर पेनाने सर्किट काढत असू. ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवती एक, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या चढावर एक, कारखान्याच्याच आवारात (पावसाळी) एक, अशी आमची एकूण २१४ सर्किट झाली. त्यांपैकी २१३ सर्किट कोणत्याही कार्यालयात सादर केलेली नाहीत. त्यामुळे त्यांचा आजवर कोणास उपद्रव झालेला नाही.

३. दोनशे चौदावे सर्किट ठाकुर्लीचे. लांबी ४.३१० किलोमीटर, रुंदी १२ मीटर, वळणे तेरा. आपल्याच कार्यालयाच्या जुन्या नकाशाच्या झेरॉक्सवर ते काढले. त्यातील वळण क्रमांक सात डेनिस यांच्या राहत्या घराला वळसा घालते. निवृत्तीनंतर ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या जागी शर्यत बघता यावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. मी ते वळण आधी बरेच वेगवान काढले होते. डेनिस यांनी ते मला चार वेळा खोडायला लावले, कारण एप्रिल-मे महिन्यांत थेल्माबाई मसाल्यासाठी ओट्यावर मिरच्या वाळत घालतात आणि त्यांवर धूळ उडता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. शर्यत काल्पनिक असली तरी मिरच्या खऱ्या होत्या. शेवटी वळण इतके आवळले की कितीही नावाजलेला चालक असो, त्याला तेथे पहिल्या गिअरवर यावेच लागेल. मग डेनिस यांनी माझ्या हातातून पेन घेऊन समासात स्वतः लिहिले, "येथे गाड्यांनी हळू जावे." एरवी सर्व नकाशांवर अक्षर माझे आहे. त्यानंतर आठ महिन्यांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, ते वारले.

४. आता प्रस्तुत घोटाळा कसा झाला ते नमूद करतो. यंदा मार्चमध्ये आपल्या प्रारूप विकास योजनेवर हरकती व सूचना मागविल्या होत्या. आमच्या इमारतीसमोरील गटार नकाशात दाखविलेले नसून प्रत्यक्षात मात्र वाहते, अशी माझी साधी हरकत होती. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले असल्याने ती मी सून सौ. संचिता हिला तोंडी सांगितली. हरकतीसोबत परिसराचा नकाशा जोडणे सक्तीचे होते. टेबलावर तिला परिसराचा नकाशा असलेला आणि मागून कोरा असलेला एक कागद मिळाला. तिने कोऱ्या बाजूस हरकत लिहून काढली आणि दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून खिडकीवर दिली. यात तिची चूक मी धरत नाही. कागद वाया घालवू नये हे आमच्या घरात मीच सर्वांना सांगत आलो आहे.

५. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी पोचेचा शिक्का मारण्यासाठी मोकळी जागा पाहिली. संचिताने गटाराचे सर्व मुद्दे लिहिल्याने त्या बाजूस जागा उरली नव्हती. म्हणून त्यांनी झेरॉक्स आणि पोच म्हणून परत द्यायचा मूळ कागद, दोन्ही उलटून नकाशावर शिक्का मारला. आपल्या कक्षाच्या पद्धतीप्रमाणे शिक्का ज्या बाजूस ती दर्शनी बाजू, आणि दुसरी बाजू विचारात घेतली जात नाही, असे मला नंतर समजले. अशा रीतीने माझी गटाराची हरकत निकाली निघाली आणि डेनिस यांचे सर्किट ही नागरिकाची सूचना ठरली.

६. सूचनेची छाननी मात्र मन लावून झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. माहितीच्या अधिकारात मिळालेल्या टिपणीत पुढील नोंदी आहेत. नकाशावर "५२ फेऱ्या" असे लिहिले होते, म्हणजे शर्यतीत गाड्या बावन्न वेळा फिरतील. टिपणीत त्याच्या रोज बसच्या बावन्न फेऱ्या झाल्या असून त्याबाबत परिवहन विभागाचे अनुकूल मतही मागविले आहे. "प्रेक्षक ४०,०००" हे लाभार्थी झाले. गाड्यांचे टायर बदलण्याच्या जागेस शर्यतीत पिट म्हणतात. तेथे मी "पिट - ६" असे लिहिले होते. त्यावर "प्रस्तावित खड्डे सहा; स्थळपाहणीत अकरा आढळले; सबब कार्यवाही आवश्यक नाही" असा शेरा आहे. रस्ता कोठून कोठे जातो या रकान्यात "ठाकुर्ली ते ठाकुर्ली" अशी नोंद आहे. ती बरोबर आहे.

७. येथवर मी कोणास दोष दिला नसता. थोडे बरेही वाटले, हे लपवीत नाही. चौतीस वर्षांत आमची एकही रेघ कोणी इतकी बारकाईने वाचली नव्हती. ऑगस्टमध्ये तेथील रहिवासी संघाने रस्ता मंजूर करून घेतल्याबद्दल माझा शाल व श्रीफळ देऊन सत्कार ठेवला. गैरसमज झाला आहे, असे सांगायला मी उभा राहिलो होतो. परंतु समोर दोनशे खुर्च्या भरलेल्या होत्या आणि माझ्याआधी बोललेल्या गृहस्थांनी मला दूरदृष्टीचा म्हटले. मी आभार मानून खाली बसलो. पहिल्या रांगेत थेल्माबाई होत्या. डेनिस यांनी आखलेला रस्ता खराच होणार म्हणून त्या टाळ्या वाजवीत होत्या. त्या दिवशी मी तोंड उघडले असते तर हा अर्ज कदाचित लिहावा लागला नसता. याची मला मनापासून लाज वाटते.

८. कारण आपल्या कक्षाने एक सुधारणा केली होती. समासातील "येथे गाड्यांनी हळू जावे" हे डेनिस यांचे वाक्य वाचून वळण सात हे अपघातप्रवण ठरविण्यात आले आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते काढून तेथे रस्ता सरळ करण्यात आला. रुंदीही १८ मीटर झाली. घर वळणाच्या आत होते. वळण काढल्यावर ते रस्त्याच्या मध्यभागी आले. दि. २२ सप्टेंबर रोजी थेल्माबाईंना नोटीस आली की त्यांचे घर रस्त्याच्या रेषेत असून योजना अंतिम झाल्यावर संपादित होईल. तोवर त्यांना छपराचे गळके पत्रे बदलण्याचीही परवानगी नाही. ज्या वाक्याने त्यांच्या मिरच्या जपायच्या होत्या, त्याच वाक्याने त्यांचे घर चालले आहे.

९. नोटीस घेऊन थेल्माबाई माझ्याकडे आल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्यांनी नोटिशीसोबतचा नकाशा टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "सुदेशभावजी, डेनिसने घर बघून रेघ मारलेली. ती सरळ कोणी केली?" त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कक्षाकडेच असल्याने मी त्यांचे शब्द जसेच्या तसे येथे आपल्याकडे पाठवीत आहे.

१०. त्यानंतर मी आपल्या कार्यालयात सहा वेळा आलो. पहिल्या भेटीत सांगण्यात आले की सूचना करणाऱ्याला स्वतःच्याच सूचनेवर हरकत घेता येत नाही. दुसऱ्या भेटीत, रस्ता काल्पनिक असल्यास तसा दाखला आणावा, असे सांगण्यात आले. मी तलाठ्यांकडे गेलो. त्यांनी नम्रपणे सांगितले की जे आहे त्याचा दाखला ते देतात, जे नाही त्याचा देण्याची तरतूद नाही. मी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणले की सदर रस्ता मी व माझे मित्र यांनी केवळ मौजेखातर मनाने रचला. ते वाचून आपल्या एका सहकाऱ्यांनी मला विचारले की मग इतर रस्ते कसे रचतात. प्रश्न प्रामाणिक होता. चौथ्या भेटीत लिफ्ट बंद होती. पाचव्या भेटीत लिफ्ट सुरू होती, परंतु संबंधित टेबल तळमजल्यावर गेले होते. सहाव्या भेटीत मी बाकी २१३ नकाशे पिशवीत घालून आणले, जेणेकरून ही आमची जुनी खोड असल्याचे दिसून यावे. ते परत घरी न्यावेत, सूचना घेण्याची मुदत संपली आहे, असे मला सांगण्यात आले.

११. तांत्रिक बाबही नमूद करणे माझे कर्तव्य आहे. वळण सात हे उगाच घातलेले नव्हते. वळण सहा ते आठ सरळ केल्यास गाडी आठव्या वळणावर ताशी १४० किलोमीटर वेगाने पोहोचते आणि तेथे दूध केंद्र आहे. आमच्या मूळ आखणीत तेथे वेग ६५ होता. एकतीस वर्षांत माझ्या ड्रॉइंगवर मला न विचारता कोणी रेघ मारली नव्हती. हे दुय्यम आहे, परंतु वाईट वाटते ते वाटतेच.

१२. सबब विनंती अशी की सदर सूचना मुळातूनच रद्द करावी व थेल्माबाईंची नोटीस मागे घ्यावी. ते नियमात बसत नसेल आणि रस्ता करायचाच असेल, तर तो आम्ही आखला तसाच करावा, म्हणजे १२ मीटर रुंदीचा, वळण सात पूर्ववत ठेवून, घराच्या ओट्यापासून तीन हात अंतर सोडून. मग आपण त्यावरून बसच्या बावन्न फेऱ्या चालवाव्यात, आमची हरकत नाही. फक्त एप्रिल-मे महिन्यांत त्या हळू जाव्यात. दि. ३ नोव्हेंबर रोजी थेल्माबाईंची सुनावणी आहे. त्यांना कार्यालयीन भाषेची सवय नाही, म्हणून सोबत येण्याची परवानगी मला मिळावी. सूचनाकर्ता म्हणून मी विरुद्ध बाजूस बसणे अपेक्षित आहे असे कळले. मी त्यांच्या शेजारी बसेन, याची नोंद घ्यावी.

१३. आपल्या दि. ६ ऑक्टोबरच्या पत्रात म्हटले आहे की मूळ नकाशा दाखल केल्यास, दर्शनी बाजूस "रद्द" असा शिक्का मारून तो अभिलेखात ठेवता येईल व सूचना मागे घेतल्याचे समजण्यात येईल. इतक्या खेपांत मार्ग निघाला तो हा एकच. त्यामुळे मूळ कागद मी सोबत जोडीत आहे. तो जोडण्यापूर्वी मी थेल्माबाईंना विचारले, कारण त्यांना तो फ्रेम करून भिंतीवर लावायचा होता. डेनिस यांच्या हातचे लिहिलेले त्यांच्याकडे दुसरे काही नाही. रोज एका घरात राहणारी माणसे एकमेकांना पत्रे लिहीत नाहीत. भिंत राहिली तर फ्रेमचे बघू, असे त्या म्हणाल्या. तरी काम झाल्यावर कागद परत मिळाल्यास उपकार होतील.

आपला नम्र, आणि नाइलाजाने सूचनाकर्ता,

(सही)
सुदेश रामकृष्ण खातू
डोंबिवली (पूर्व)
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) थेल्माबाईंना आलेल्या नोटिशीची प्रत.
२) माझे प्रतिज्ञापत्र.
३) सत्कारातील शाल (घडी न मोडलेली). ती रहिवासी संघास परत करावी. नारळ मात्र घरात वापरला गेला.
४) मूळ नकाशा, एक. यावर पोचेचा एक शिक्का आधीच सुरुवातीच्या सरळ पट्ट्यावर बसला आहे, तो असू द्यावा. "रद्द" चा शिक्का मात्र कृपया कागदाच्या दुसऱ्या बाजूस मारावा. तेथे जागा नसली तरी अक्षरांवर मारावा. त्या बाजूस माझी गटाराची हरकत आहे, ती रद्द झाली तरी चालेल.