शंभरात एकही नाही

आये, तुझं रक्त काढताना तू तोंड भिंतीकडे फिरवलं होतंस. सुकटीच्या टोपल्या डोक्यावरून वाहणारी, बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई, आणि सुईला घाबरली! "हलूच टोच गो," म्हणालीस. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. पनवेलच्या त्या लॅबमध्ये लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि पांढरा कोट चढवला की मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

तुझा दमा जुना. सुकटीची धूळ नाकातोंडात जायची, सकाळी खोकून खोकून डोळे लाल व्हायचे. आदल्या वर्षी तुझ्या रक्तात इओसिनोफिल अठरा टक्के निघाले होते. मी तुला समजावलं होतं, या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, पाच-सहा टक्क्यांपर्यंत असायच्याच. ॲलर्जी असली, दमा असला, पोटात जंत झाले की वाढतात. रंग दिला की त्यांच्यात शेंदरी दाणे दिसतात. तू तेवढंच धरलंस आणि बाजारभर सांगत सुटलीस, "माज्या रगतात लाल दाने झालेत." मग गावातल्या डॉक्टरने कागदाच्या पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. सात-आठ महिने तू त्या रोज घेत होतीस. दम लागायचा थांबला, चेहरा गोल गरगरीत झाला. बायका म्हणायच्या, लेकीचा पगार अंगी लागला हिच्या. मीही हसायचे. मूर्ख कुठली!

तुझ्या रक्ताची काच मीच रंगवली, मायक्रोस्कोपखाली मीच धरली. आमच्या कामात शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि त्यात कुठली किती ते लिहायचं. शंभर झाल्या, इओसिनोफिल एकही नाही. पुन्हा शंभर मोजल्या. नाहीच. संध्याकाळी मी जवळजवळ धावतच घरी आले. तू कालवण ढवळते आहेस, आणि मी दारातूनच ओरडते आहे, "आये, शून्य! तुझा दमा गेला. आता त्या बिननावाच्या गोळ्या बंद." तू म्हणालीस, "त्यानं बरा वाटतंय, ऱ्हाऊंदे ना." "शिकलेली तू की मी?" असं म्हटलं मी. तुला! तू पुडी काढून माझ्या हातात दिलीस. आणि थोड्या वेळाने शेजारणीला कौतुकाने सांगत होतीस, "माज्या पोरीनं माजं रगात मोजलं. आता मना काय नाय."

तिसऱ्या दिवशी तुला ओकाऱ्या सुरू झाल्या. अंगात त्राण नाही, उभं राहिलं की चक्कर, छातीत पुन्हा शिट्टी वाजायला लागलेली. बाबा बोटीवर गेलेले, घरात आपण दोघीच. दुपारी भिंतीला टेकून तू विचारलंस, "येक गोली घेऊ का गो?" पुडी माझ्या हाताशी होती. मी म्हटलं, "सवय लागलीय तुला. दोन दिवस कळ काढ." चौथ्या दिवशी सकाळी रिक्षात, हॉस्पिटलचं फाटक समोर दिसत असताना, तुझं डोकं माझ्या खांद्यावरून मांडीवर घसरलं. मी तुला हाका मारत राहिले.

लॅबचे डॉक्टर तेव्हा बाहेरगावी होते. तेरावं झाल्यावर मी कामावर गेले, तेव्हा त्यांनी तुझा रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "दम्याच्या पेशंटला शून्य कसे? काही गोळ्या चालू होत्या का?" मी पुडी दाखवली. ते म्हणाले, या स्टिरॉइडच्या दिसतात. यांनी चेहरा सुजतो, इओसिनोफिल दबतात, दमा जात नाही. आणि इतके महिने घेतल्या की शरीर स्वतःचं त्या जातीचं रसायन बनवायचं कमी करतं, म्हणून त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायच्या असतात. एकदम तोडल्या तर माणूस कोसळतो. म्हणजे मोजण्यात मी चुकले नव्हते गं. आकडाही समोर होता, गोळ्याही समोर होत्या, आणि ही शिकलेली बाई आनंदाने नाचत होती.

आता मी नव्या मुलींना शिकवते. रिपोर्ट देऊन मोकळं व्हायचं, औषधाचं डॉक्टरला विचारा म्हणायचं, आणि सुई टोचण्याआधी माणूस कुठली औषधं घेतो ते लिहून घ्यायचं. मी फार काटेकोर आहे, असं लॅबमध्ये म्हणतात. ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

हा कागद घरात कुणाच्या हाती लागायला नको, म्हणून फाडून टाकणार आहे. त्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक विचारलं होतं, "गोळ्या बंद कुणी केल्या?" मी म्हटलं, "तिनेच. कुणाचं ऐकायची नाही." घरी येऊन बाबांनाही तेच सांगितलं. तुझा विषय निघाला की अजूनही घरात कुणीतरी म्हणतंच, हट्टी होती, हट्टापायी गेली. आणि आये, मी मान डोलावते.