दुसऱ्या बाळाची कावीळ

माय, आज सकाळी वॉर्डात एक म्हातारी माझ्याशी भांडली. आपल्याच कारंज्याकडची. तिच्या सुनेला दुसरं मूल झालं, मुलगा, आणि दिवस पुरता उलटायच्या आत त्याचं कपाळ, मग छाती पिवळी दिसायला लागली. मी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला निळ्या दिव्याखाली ठेवत होते. म्हातारी म्हणाली, "बाई, एवढा तामझाम कायले? कोवळ्या उन्हात ठेवलं की उतरते न दोन दिवसात. आमच्या साऱ्या पोराइले तसंच केलं." हे मी रोज ऐकते आणि रोज समजावते. तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी बरीच बाळं होतात. जुनं रक्त मोडत असतं, कोवळं यकृत मागे पडतं. दूध नीट पोटात गेलं की आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं, पण तेही डॉक्टरला दाखवायचं. पहिल्याच दिवशी येणारा पिवळेपणा वेगळा, त्याला थांबायला वेळ नसतो. आज मात्र समजावता समजावता म्हातारीच्या मागे मला आपलं अंगण दिसायला लागलं.

मी आठ वर्षांची आहे. दाई येऊन गेली आहे आणि तुझ्या कुशीत माझा भाऊ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हणते, "माय, बाबूचे डोळे पिवळे दिसून राह्यले." तू त्याला दारात उजेडात नेतेस आणि बोटानं त्याची पापणी वर करून पाहतेस. मग मी शाळेत जाते. परत येते तेव्हा तू सुपात धुडकं अंथरून त्याला उन्हात ठेवलेलं असतं आणि मला कावळे हाकायला बसवतेस. पुढच्या दिवशी तो दूध ओढत नाही. नुसता झोपतो. मग त्याचं रडणं बदलतं, बारीक आणि चिरकं होतं. तसं रडणं मी आजही वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून ओळखते. चौथ्या दिवशी त्यानं मान मागे टाकली आणि अंग कमानीसारखं वाकवलं. महामार्गावर बाबांनी ट्रक थांबवला आणि त्यात बसून तुम्ही नागपूरला गेलात. तो जगला. पण पिवळेपणा मेंदूत उतरला होता. कान गेले, आणि हातपाय त्याचं ऐकेनासे झाले.

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी दिवाळीला घरी आले, तेव्हा काविळीचा धडा नुकताच शिकून झाला होता. परत निघायच्या दिवशी तू चुलीपुढे भाकर थापत होतीस. मी पाठीमागून म्हणाले, "पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पिवळा झालता तो. दवाखान्यात काऊन नाई नेलं? नेलं असतं तर आज बोलला असता."

तुझे हात परातीत थांबले. "नेलतं," तू म्हणालीस. "तू शाळेत गेलती तवा. ओली बाळंतीण मी, पायी गेलती. तिथला माणूस म्हणे ऊन दाखव, कावीळ जाईन. मंग ऊनच दाखवत राह्यली." आणि लगेच, "जेवून घे, गाडी चुकंल तुही."

मी दोन भाकरी खाल्ल्या आणि गाडी पकडली. माफी मागितली नाही.

मग तुझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. तुझ्या रक्ताचा कागद मीच आणला. तुझा गट निगेटिव्ह होता. माझा पॉझिटिव्ह, भावाचाही पॉझिटिव्ह. व्हरांड्यात भिंतीला टेकून मी तो कागद वाचत राहिले. माझ्या जन्माच्या वेळी माझं थोडं रक्त तुझ्यात मिसळलं असणार. तुझ्या अंगानं ते परकं मानलं आणि त्याला मारायची तयारी करून ठेवली. आठ वर्षांनी ती तयारी त्याच्यावर चालली. मी जन्मल्यावर तुला एक इंजेक्शन मिळालं असतं तर बहुधा काही झालं नसतं. आत आले तर तू छताकडे पाहत म्हणालीस, "ग्रहणात भाजी चिरली मी. त्याचंच भोगून राह्यला तो." कागद माझ्या हातात होता. "असं काही नसते माय," एवढं म्हणून मी तो खिशात घातला. त्यानंतर तीन वर्षं तू होतीस, आणि मी सांगितलं नाही. तू स्वतःला दोष देत होतीस तोवर माझ्याकडे कोणी पाहणार नव्हतं.

आजच्या बाळाचा काविळीचा आकडा दिव्याखालीही चढतच गेला, म्हणून दुपारी त्याचं रक्त बदललं. थोडं काढायचं, थोडं भरायचं, तास-दीड तास. संध्याकाळी आकडा उतरला आणि ते दूध ओढायला लागलं. त्याची आई रडत होती. "माह्यं काय चुकलं, सिस्टर?" मी तिला रक्ताचं सगळं समजावलं. ती हळूच म्हणाली, "म्हणजे माह्या पोरीपासून आलं काय हे?" तिची पाच वर्षांची मुलगी बाहेर काचेला नाक लावून उभी होती. "नाही," मी म्हणाले, "तिच्याकडे असं पाहूसुद्धा नका. इंजेक्शन राहून गेलं, एवढंच." किती सहज म्हणाले मी.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच बहुधा लिहायचा धीर झाला. भाऊ माझ्याजवळ असतो, बरा आहे. डोकं त्याचं शाबूत आहे, खुणांनी सगळं समजतं. परवा शेजारचं लेकरू बोलायला लागलं. सगळे हसत होते, तेव्हा त्यानं कष्टानं हात कानापर्यंत नेला, मग माझ्याकडे पाहून तळवा उलटा केला. काऊन? मी खांदे उडवले. एवढ्या गोष्टीला खूण नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे. खरं म्हणजे मी ती कधी शोधलीच नाही.