दुसरा बिल्ला

सोमवार, ४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. जीप चौकीच्या फाटकाशी थांबली तेव्हा अंगातली सगळी हाडं खिळखिळी झाली होती, पण उतरून समोर पाहिलं आणि कुरकुर विसरले. डोंगरामागे डोंगर, आणि त्यांवर सरळसोट उंच झाडं. अठरा वर्षं दवाखान्याच्या कपडेखात्यात चादरी मोजल्या, आता या हवेत आठवडाभर हिंडायचं आणि त्याला काम म्हणायचं. माझा अजून विश्वास बसत नाहीये.

काम सोपं आहे. शिबिरं भरवणाऱ्या एका कंपनीला शाळेच्या चाळीस मुलांचे तंबू ठोकायला जागा हवी आहे. नकाशावर चार तळ खुणा करून दिलेत. पाणी किती पावलांवर, जमीन सपाट आहे की नाही, डोक्यावर वाळक्या फांद्या लोंबत नाहीत ना, हे पाहून एक तळ निवडायचा आणि तिथे स्वतः राहून खात्री करायची. एवढंच.

शनिवारी माझा धाकटा भाऊ येतोय. कंपनीच्या बाईंच्या मागे लागून त्याला शिबिराच्या कोठीवर चिकटवलाय. छातीच्या दुखण्यातून आत्ता कुठे उठलाय. थोडा चढ चढला की तोंडातून शब्द फुटत नाही, हात वर करून नुसतं थांब म्हणतो. डॉक्टर म्हणाले, डोंगरातली हवा मानवेल. इथलं काम टिकलं तर तो परत माणसात येईल, आत्ता तर मला त्याच्याकडे पाहवत नाही.

फाटक पाहून एक जुनी गोष्ट आठवली. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी चौदाची. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकाशी माझा फ्रॉक काही केल्या सोडेना. शेवटी मी फ्रॉकचं निळं बटण दातांनी तोडून त्याच्या मुठीत दिलं आणि भीती वाटली की हे दाबायचं म्हणून सांगितलं. अजून जवळ आहे म्हणतो. लबाड आहे, मला कधी दाखवलं नाही.

चौकीदार काका साठीचे, वाळलेले आणि कमालीचे शिस्तीचे. फाटकाशी खिळे ठोकलेला एक फळा आहे. आत जाणाऱ्याने पत्र्याच्या बिल्ल्यावर खडूने नाव लिहून तो स्वतःच्या हाताने खिळ्याला लावायचा, बाहेर पडताना स्वतःच काढायचा. काका दिवसातून तीनदा बिल्ले मोजतात. आज फळ्यावर माझा एकटीचा होता, तरी बोट लावून मोजला. मी त्यांचं नाव मोजणीमास्तर ठेवलंय, अर्थात मनातल्या मनात.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

तीन तळ पाहून झाले. पायांचे तुकडे पडलेत.

पहिला ओढ्याला इतका लागून आहे की जमीन दाबली तर पाणी वर येतं. मुलं आठवडाभर ओल्या मोज्यांत राहतील आणि आया माझ्या नावाने बोटं मोडतील. दुसरा दिसायला देखणा, पण वर मेलेल्या फांद्या अडकलेल्या. एक माझ्यासमोरच खाली आली. तिसरा उघड्या माळावर आहे, तिथे माझी टोपी वाऱ्याने जी नेली ती नेलीच. तिन्हींवर काट मारली.

वाटेवर झाडांना लाल फिती बांधत चाललेय, म्हणजे नंतर येणाऱ्याला वाट चुकायला नको. चादरींच्या गठ्ठ्यांना मारायची तीच माझी दुहेरी गाठ. अठरा वर्षांची सवय अशी सुटते होय.

बुधवार, ६ ऑक्टोबर

चौथा तळ म्हणजे हाच. पाहताक्षणी ठरवलं. फाटकापासून दोन तासांचा चढ आहे, पण वर गालिच्यासारखी सपाट जागा, ऐंशी पावलांवर झरा, सकाळचं ऊन थेट अंगावर, मागे खडकाचा आडोसा. इतक्या चांगल्या जागी आधी कोणी तंबू का ठोकला नाही, कोण जाणे. एकाही खुंटीचं भोक नाही, चुलीचा एकही दगड काळा नाही.

दुपारी खाली जाऊन धाकट्यासाठी दुसरा तंबू घेतला. रसद आणणारी जीप निघायच्या बेतात होती, तिच्याबरोबर त्याला चिठ्ठी पाठवली. करडा स्वेटर घाल, लाल फितींच्या मागे मागे ये, बिल्ल्याची काळजी करू नकोस, तुझा मीच लावलाय, काका नसले तरी ताटकळू नकोस, सरळ आत ये.

आणि लावलाही. काका मागे भांडी घासत होते. आधीच दमून येणाऱ्या माणसाने आणखी खडू कुठे शोधत बसायचा? त्याचं नाव लिहिलं आणि माझ्या बिल्ल्याशेजारी अडकवून टाकला. शिस्त मोडली खरी, पण तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.

वर येऊन दोन्ही तंबू उभे केले. त्याच्या तंबूत घोंगडी, कप आणि ताटली मांडून ठेवली.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

धाकटा आला! दोन दिवस आधीच.

सकाळी झऱ्यावरून आले तर त्याच्या तंबूतली घोंगडी घडी केलेली, अगदी त्याच्यासारखी, कोपरे आत दुमडून. कप ओला होता. मी चक्रावले. दुपारी धुकं उतरलं आणि त्यातून करडा स्वेटर दिसला. खडकाशी पाठमोरा उभा होता. मी हाक मारली तेव्हा वळून हसला आणि ताई म्हणाला. मला तर रडूच आलं.

दोन तासांचा चढ चढून आला आणि दम म्हणून लागलेला नाही. छाती हलत नव्हती इतका शांत. डॉक्टरांच्या तोंडात साखर पडो.

जेवला मात्र नाही. भूक नाही म्हणाला. बोलतोही कमी. बॅग कुठेय विचारलं तर फाटकाशी ठेवलीय म्हणाला. उद्या सकाळी मीच जाऊन आणते, त्याला एवढ्यात पुन्हा चढायला लावायचं नाही.

चिठ्ठी काल दुपारी गेली. इतक्या लवकर मिळाली कशी, हे विचारायचं राहूनच गेलं.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर. दुपार

आधी लिहिते. लिहिलं नाही तर मी ओरडत सुटेन.

सकाळी वही तंबूतच ठेवून खाली गेले. बॅग नव्हती. काका म्हणाले, कालपासून फाटकातून कोणी आत आलेलं नाही. मी थट्टेवारी नेलं, म्हटलं मोजणीत चुकलात. ते फळ्याशी गेले. दुसऱ्या बिल्ल्यावर बोट ठेवून म्हणाले की त्यांना वाटलं, माझा भाऊ बुधवारीच त्यांची पाठ वळलेली असताना बिल्ला लावून आत गेला असेल. मग मी खरं काय ते सांगितलं.

ते रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले की जितके बिल्ले, तितकी माणसं जंगल आत धरतं. माणूस यायच्या आधी बिल्ला लावला तर त्याची जागा रिकामी राहत नाही, ती भरली जाते. आणि जितके बिल्ले, तितकेच बाहेर पडतात. एका शिक्षकाने असाच बायकोचा बिल्ला आधी लावला होता. दोघं हसत खेळत खाली आले, आपापले बिल्ले काढून गेले. त्याची खरी बायको दुसऱ्या वाटेने त्याला शोधत वर गेलेली होती. ती अजून आतच आहे.

मग तो बिल्ला आत्ताच काढा म्हटलं, तर म्हणाले, एकदा जागा भरली की दुसऱ्याने बिल्ला काढून ती रिकामी होत नाही. मी त्यांचे पाय धरले. धाकट्याला अडवा म्हटलं. त्यांनी वायरलेसवरून कचेरीला कळवलं, कचेरीने घरी माणूस धाडला, तर घराला कुलूप. तो निघालाय. काका म्हणाले, मी फाटकातून हलत नाही. तुम्ही वर जा, त्याचा तंबू, कप, ताटली, त्याच्यासाठी मांडलेलं सगळं मोडून टाका. जागाच उरली नाही तर कदाचित ते निघून जाईल. कदाचित म्हणाले. नक्की म्हणाले नाहीत.

वर येताना एकेक फीत तोडत आले. धाकटा आलाच तर त्याला वाट सापडू नये. अर्ध्या वाटेत मागे वळून पाहिलं. सगळ्या फिती जागच्या जागी होत्या. माझ्याच दुहेरी गाठीने बांधलेल्या.

तळावर तो तंबूच्या दारात बसला होता. मांडीवर ही वही. काय वाचतोयस विचारलं तर म्हणाला, मला काय काय येतं ते वाचतोय.

वही हिसकावून घेतली. आता अंगावेगळी करणार नाही.

शनिवार, ९ ऑक्टोबर. सकाळ

तंबू पाडला. कप खडकावर आपटून फोडला. ताटली, घोंगडी दरीत टाकली. तो शेजारी उभा राहून खुंट्या उपटायला मदत करत होता. हसत होता. कुठेही गेला नाही.

खाली जायला निघाले. फितींच्या मागे गेले आणि परत इथेच. पुन्हा गेले, पुन्हा इथेच. तो दहा पावलं मागे. मी थांबले की थांबतो. माझा श्वास ऐकू येतो, त्याचा नाही.

देवा, धाकट्याची बस चुकू दे. त्याला ताप येऊ दे. काहीही होऊ दे, पण इथे यायला नको. मीच त्याला लिहिलं, सरळ आत ये. मीच.

शनिवार. दुपार

खालून हाक आली.

ताई.

मागचा गप्प होता. हाक खालूनच. काका कुठे आहेत, त्यांनी अडवलं कसं नाही —

मी ओरडले, येऊ नकोस, परत जा. धुकं दाट आहे. धावले त्या बाजूला. मागचाही धावला. धक्का लागला, पडले. उठले तेव्हा समोर दोघं. दोन करडे स्वेटर. कोणता मागून आला, कोणता खालून — कळेना —

एकाने हात पुढे केला आणि म्हणाला, चल ताई. दुसरा गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला. तोंड उघडं, चेहरा काळानिळा. बोलत नाही. याला बोलता येत नाही, हा बनावट —

थांब. घाई नको. विचारायचं. जे फक्त आम्हा दोघांनाच माहीत आहे असं काहीतरी. ते आधी इथे लिहीत नाही, हा वाचतो.

शनिवार. नंतर

विचारलं. शाळेच्या फाटकाशी मी तुझ्या मुठीत काय दिलं होतं?

पहिला लगेच म्हणाला. निळं बटण.

दुसऱ्याला एक शब्द सुचला नाही. एक हात वर करून नुसता माझ्याकडे यायला लागला. दुसऱ्या हाताची मूठ वळलेली, माझ्या तोंडासमोर. मारणार होता. मी त्याला ढकललं. सगळा जोर लावून. तो उतारावरून गडगडत गेला. पडताना आवाज झाला, तो ऐकायचा नव्हता.

धाकट्याचा हात धरून निघाले. या वेळी वाट सापडली.

शनिवार. फाटक

सुटलो. बिल्ले काढले, मी माझा, त्याने त्याचा. फळा रिकामा. काका नाहीत. दारावर खडूने लिहिलंय, तुम्ही आला नाहीत म्हणून शोधायला वर जातोय. बिचारे. थांबते त्यांच्यासाठी.

तो बाहेर रस्त्यावर उभा आहे. चल म्हणतोय. सुटलो एवढं लिहिते आणि —

वही पहिल्याच पानावर उघडली. समासात ओल्या अंगठ्याचा ठसा. त्याच्या शेजारी माझंच अक्षर.

निळं बटण. मी लिहिलं होतं. सोमवारी. मीच लिहिलं होतं.

आणि दम. तेही लिहिलंय. शब्द फुटत नाही, हात वर करून थांब म्हणतो. हा दोन तास उतरला, एकदा खोकला नाही. वरच्याला दम लागला होता. तो थांब म्हणत होता. मूठ मारायला नव्हती. उघडून दाखवायला — त्याच्या मुठीत —

मी ढकललं त्याला.

खडू कुठेय. माझा बिल्ला परत लावते. त्याचाही. नाही, त्याचा नको, तो आतच — कसं लावायचं — काका —

बाहेरचा हसतोय. हात पुढे करतोय.

वरून आवाज आला. जिवंत आहे. हाक मारतोय, पुरी होत नाही, दम लागलाय. आले रे, आले. परत मारली —

ता —