आईची मान

दादा,

सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणे! मी चहा करायला आत गेले, तेवढ्यात तुम्ही तिघा भावांनी आईला वृद्धाश्रमात ठेवायचं पक्कं करून टाकलंत. वर तू म्हणालास, "आईला विचारलंय, तिने मान हलवली."

अरे शहाण्या, तिचा उजवा कान ठार बहिरा आहे, आणि तू नेमका त्याच बाजूला बसलेलास. ऐकू आलं नाही की ती मान हलवते. काल म्हटलं, "आई, छप्पर पडलं," तरी हलवली.

खोटं कशाला बोलू, मीही शिलाई मशीन तिच्या उजव्या बाजूलाच लावलंय. दिवसभर बडबडते, ती मान हलवते. मला हो म्हणणारं दुसरं आहे कोण? डावीकडे बसून विचारायचा धीर होत नाही. ती "जाते" म्हणाली तर?

हे पत्र टाकू का, तेही तिला उजवीकडूनच विचारलं. मान हलली. पण ती मान कशालाही हलते, म्हणून पत्र अजून उशाखालीच आहे.

सोमवारी वृद्धाश्रमाची गाडी येणार. रविवारपर्यंत ये, तिच्या डावीकडे बस आणि नीट विचार. मला उत्तर पाहिजे. तिचं, तुझं नव्हे.

चहा करत होती ती,
तुझी बहीण