अमावस्येची सुट्टी

सोमवार, कार्तिक वद्य, सन १९४३

अमावस्येलाबी काम म्हणं. आमच्या माणदेशात अमावस्येला औत सोडत्यात, बैल दावणीला निवांत उभा असतो. हितं सांगलीत माणसाला बैलाएवढीबी किंमत न्हाई. आल्या आल्या मुकादमीण हरणाबाईला तोंडावर विचारलं, सुट्टी कवा? तिनं मान वर न करता सांगितलं, हितं सुट्टी नसती.

ऱ्हाऊ दे. बाकी जागा झकास हाय. हरिपूरच्या वाटेवर हळदीची वखार. मालक धन्यकुमारअण्णा, जैन माणूस, गोड बोलतो. मागं कौलारू खोल्यांची वळ, त्यातली शेवटची माझी. आडाला दोन हातावर पाणी. माणात एवढं पाणी सपनात दिसतं. आवाराच्या पोटात पेवं हायत, म्हंजे जमिनीतली कोठारं, दोन पुरुष खोल. त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवली तरी किडत न्हाई. तोंडावर शिळा, वरनं मातीचा लिंपा. चार गड्यांबिगर शिळा हालत न्हाई. उघडली की आधी कंदील सोडत्यात. विझला तर आतली हवा वाईट, कुणी उतरायचं न्हाई. आमी बायांनी वर बसून हळकुंडं आन् गड्डे येगळे करायचे, चाळायचे.

सयाजी, लढाईवर जाताना ही वही तूच दिलीस. आये, दुसरीपतूर शिकलीस ते मोडू नको, रोज चार वळी लिही, मी आलो की वाचीन, म्हणालास. तर वाच. श्रावणापासनं तुझा कागद न्हाई.

बुधवार

ह्या बाया राबत्यात त्ये मला उमगंना. आमच्याकडं मुकादमाची पाठ वळली की पाट्या आडव्या. हितं अण्णा गावात गेला, हरणाबाई आडावर गेली, तरी कुणी पाठ टेकत न्हाई, तंबाखू मळत न्हाई.

अण्णालाच विचारलं. त्यो फुलून गेला. प्रेमानं वागवलं की माणूस आपणहून राबतं, म्हणाला. मी म्हणलं, माणूस पोटासाठी राबतं, पोट भरलं की बसतं. ह्या का बसत न्हाईत? मग मीच सांगितलं, पुढच्या शनिवारी अमावस्या हाय, सुट्टी द्या. दिली की लगीच. गूळ-खोबरं वाटतो म्हणाला. रातभर दळता म्हणं तुमी बाया, तर त्या दिवशी जातीबी बंद, सुपाला कुणी हात लावायचा न्हाई.

तुझ्या आयेचं तोंड असं कामाला येतंय बघ.

शुक्रवार

सुट्टीचं सांगितलं, तर एक बाई हसंल म्हणता? शेजारची बनुबाई रडायलाच लागली. हरणाबाई म्हणाली, माणातनं शहाणी आली आन् आमच्या मुळावर उठली.

मला राग आला. भांडले. जेवले न्हाई.

दिवे लागल्यावर साऱ्या खोल्यांतनं जात्याची घरघर. बनुबाईकडं डोकावले. जात्यात दाणा न्हाई. नुसता दगडावर दगड. विचारलं तर म्हणाली, हात थांबला न्हाई पायजे.

रविवार

बनुबाई तापानं फणफणलीय. हात अंगाशी गपगार पडलेले. डोळे उघडे. भर दुपारची जमिनीकडं तोंड करून म्हणत हुती, आले, वाईच थांबा की. तिचा नवरा गेल्या साली पटकीनं गेला. मी म्हणलं, तापात बरळती. पाणी पाजलं, कामाला गेले.

जायला नको हुतं. सांजच्याला आले तर तिची खोली रिकामी.

सोमवार

बनुबाई कोपऱ्यातल्या पेवात सापडली. मेलेली. अण्णा म्हणतो, वाईट हवेनं गेली, गड्यांनी शिळा उघडी टाकली असंल. गडी शपथेवर सांगत्यात, झाकली हुती, लिंपली हुती.

मग हरणाबाई बोलली. हात चालवत, माझ्याकडं न बघता. पेवात ठेवलेलं काय बी कुजत न्हाई, हाकसुदिक न्हाई. ज्याचा जीव आपल्यात अडकून गेला त्यो खालनं हाक मारतो. जिता माणूस न्हाई, मेलेलाच. हाताला काम असलं की ऐकू येत न्हाई. मी म्हणलं, मग सोडून जावा की गावाला. ती म्हणाली, एकदा ऐकली की हाक संगं येती. ती माहेराला जाऊन आलीय.

मंगळवार

मी भिणारी बाई न्हवं. सूप खाली ठेवलं, हात मांडीवर घेतले, बसले. म्हणलं बघू कोण बोलावतंय. तुझा बा तर न्हाई. जितेपणी त्यानं कवा हाक मारली न्हाई मला.

कायच न्हाई. कावळे. रस्त्यानं एक गाडी गेली.

मग फरशीखालनं खोकला. दोनदा. दारात आलास की तू खोकतोस तसा, आयेला कळावं म्हणून.

सूप उचललं.

खोकला कुणाचाबी असतो. साऱ्या जगाला खोकला येतो.

बुधवार

अण्णाच्या पाया पडले. सुट्टी नको म्हणलं. त्यो म्हणाला, बाई, तुमीच मागितली हुती की, आता हक्कानं इसावा घ्या.

लिहिताना ऐकू येत न्हाई. हात चालतोय म्हणून. म्हणून लिहिते. कायबी लिहिते. सूप. आड. कौलं. सयाजी. सयाजी लहान असताना — न्हाई, त्ये नको. कौलं. आड.

कुणी माझ्याशी बोलत न्हाई. बरोबरच हाय त्यांचं.

शुक्रवार

टपालवाला समोरनं गेला. थांबला न्हाई.

सांजच्याला गड्यांनी जाती उचलून नेली. सुपं नेली. वखारीला कुलूप. गूळ-खोबरं वाटलं, तसंच पडलंय. हरणाबाई पदराचा काठ उसवत बसलीय. एकेक दोरा. उद्या दिवसभर पुरंल का —

शिसपेन नखाएवढी ऱ्हायलीय. हात आखडला —

मघाशी पेन टोकरताना वाईच थांबले. आये म्हणलं कुणी तरी. एकदाच. तुझाच आवाज — न्हाई. म्या धरला न्हाई.

सयाजी, ऐक. जिता असशील तर कागद टाक. तार कर. कुणाच्या तोंडी निरोप धाड. तुझ्या हातची एक वळ पुरं. उद्या शनिवार. उद्या दिवस मावळायच्या आत मला उत्तर पायजे. वरनं पायजे, कागदावर. खालनं बोललास तर मी त्ये उत्तर धरणार न्हाई, सांगून ठेवते. खालनं न्हाई. शनिवारच्या आत. शनिवारच्या आ